सोरायसिस, पोटाचा घेर आणि साखर: तिन्हींचा विचार एकत्र का करायचा

प्रश्न विचारणाऱ्यांचं वय ३९. चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम. नऊ वर्षांपासून कोपर, गुडघे, पाठ आणि डोक्यात सोरायसिस. यंदा कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, बीपी १३८/८८, एसजीपीटी (लिव्हरची रक्तचाचणी) ६८ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ८६ किलो, पोटाचा घेर १०२ सेंटीमीटर. फिजिशियन म्हणाले, ‘तुमच्या सोरायसिसचा आणि याचा संबंध आहे.’ त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्झेट (प्रतिकारयंत्रणेला शांत करणारं औषध) लिहून दिलंय, पण ‘ते लिव्हर खराब करतं’ असं वाचल्यामुळे गोळ्या कपाटातच आहेत. खाज फार वाढली की गावाकडच्या एका डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शन घेतात, महिनाभर त्वचा साफ राहते. आई म्हणते वांगं, दही, मासे बंद कर. त्यांना विचारायचंय ते असं: साखरेमुळे सोरायसिस झाला की सोरायसिसमुळे साखर वाढली? वजन उतरवलं तर गोळ्यांशिवाय बरं वाटेल का? मेथोट्रेक्झेट घ्यावं का? आणि मुलाला होईल का?

तुम्ही आकड्यांसकट सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी वीसहून अधिक वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो आणि तुमच्यासारखं चित्र मला ओपीडीत जवळजवळ रोज दिसतं. तरी तुम्हाला तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा. गोळी चालू करायची की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी त्यांच्याशी काय बोलायचं आणि का, ते सांगतो.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मला त्यामागे एकच अडचण दिसते. त्वचेचे डॉक्टर, फिजिशियन आणि इंजेक्शनवाले डॉक्टर असे तिघे तुम्हाला तीन बाजूंनी बघताहेत आणि तिघांचे कागद एकाच टेबलावर कधी आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत त्वचेचं औषध कोणतं निवडायचं, हे लिव्हर, साखर, बीपी आणि चरबीचे आकडे बघूनच ठरायला हवं. आणि ते आकडे सोरायसिस झालाय म्हणूनच वेळेआधी तपासायला हवेत. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

आधी संबंधाबद्दल. सोरायसिस हा नुसता त्वचेचा आजार असल्यासारखा दिसतो, कारण दिसते ती त्वचाच. निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. चट्ट्यात हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांवर खपल्या साचतात. ही घाई त्वचा स्वतःहून करत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा तिला तसे संदेश देत असते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ ही त्या संदेश नेणाऱ्या प्रथिनांची नावं. ती रक्तातून सगळीकडे फिरतात. यातलं टीएनएफ स्नायू आणि लिव्हरमधल्या पेशींना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. मग तेवढीच साखर आत घ्यायला शरीराला जास्त इन्सुलिन लागतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. इथपर्यंत बघितलं तर सोरायसिसकडून साखरेकडे जाणारी वाट दिसते.

उलटी वाटही तेवढीच खरी आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठणारी चरबी स्वस्थ पडून राहत नाही. ती स्वतः टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ सोडते. दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची आतली धग, वाढवणारं लेप्टिन वाढतं आणि तो शमवणारं अॅडिपोनेक्टिन कमी होतं. ज्याच्या अंगात सोरायसिसची आनुवंशिक प्रवृत्ती आहे, त्याला एवढं कारण पुरतं. नॉर्वेतल्या एका मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीत दहा वर्षांत दहा किलो किंवा त्याहून जास्त वजन वाढलेल्यांना, वजन स्थिर राहिलेल्यांपेक्षा सोरायसिस होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी जास्त आढळलं. जनुकांच्या आधारे केलेल्या २०१९ च्या विश्लेषणातही लठ्ठपणाकडून सोरायसिसकडे जाणारा धागा ठळक दिसला. उलट दिशेचा पुरावा त्या मानाने कच्चा होता.

दोन शेतांना पाणी एकाच पाटातून येतं, तसं हे आहे. दाह हा तो पाट. म्हणून ‘आधी काय झालं’ याचं उत्तर तुमच्या बाबतीत मी खात्रीनं देऊ शकत नाही. नऊ वर्षांपूर्वी तुमचं वजन आणि साखर किती होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या वेळचा एखादा जुना रिपोर्ट सापडला तर कुतूहल म्हणून बघा, पण उपचार त्यावर अडत नाहीत.

तुमच्या आकड्यांकडे वळतो. पोटाची चरबी, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याचे पाच निकष असतात आणि त्यातले तीन भरले तरी निदान होतं. भारतीय पुरुषासाठी पोटाचा घेर ९० सेंटीमीटर किंवा जास्त, बाईसाठी ८०. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या खाली. बीपी १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. तुमचे पाचही निकष भरतात. तुमची एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या पट्ट्यात आहे, म्हणजे मधुमेह झालेला नाही पण तुम्ही उंबरठ्यावर आहात. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तीसच्या थोडा वर जातो, आणि आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. ‘पॅन्ट तर ३६ चीच बसते’ असं मला बरेच जण सांगतात. पॅन्ट पोटाच्या खाली बसते, म्हणून तिचा आकडा धरू नका. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून टेपनं मोजा.

मेटाबॉलिक सिंड्रोम सोरायसिसच्या रुग्णांत खरंच जास्त असतो का? हो. २०१३ मध्ये १२ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सोरायसिस असलेल्यांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमची शक्यता इतरांच्या सव्वादोन पट निघाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या विश्लेषणात मधुमेहाची शक्यता सौम्य सोरायसिसमध्ये सुमारे दीडपट आणि तीव्र सोरायसिसमध्ये जवळपास दुप्पट होती. चट्टे जितके पसरलेले, तितका संबंध घट्ट होतो, हा धागा एकेका अभ्यासात नव्हे, पुन्हा पुन्हा दिसतो.

हृदयाबद्दल सांगायलाच हवं, पण घाबरवायला नाही. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हार्ट अटॅकचा सापेक्ष धोका सुमारे तिप्पट निघाला, साठीतल्या माणसात तो १.३६ पट होता. वजन, साखर, बीपी, धूम्रपान यांचा हिशोब वेगळा काढूनही हा फरक उरला. मात्र तिशीत हार्ट अटॅक मुळात विरळा असतो, त्यामुळे तिप्पट झाला तरी प्रत्यक्ष आकडा लहानच राहतो. यातून मी घेतो ते एवढंच की तरुण आणि पसरलेला सोरायसिस असलेला माणूस ‘अजून वय कुठे झालंय’ म्हणून तपासणीतून सुटता कामा नये. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेत सोरायसिससारख्या दीर्घकाळच्या दाहक आजारांना धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलंय. म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी चालू करायची की नाही असा काठावरचा निर्णय असेल, तर ‘मला सोरायसिस आहे’ हे फिजिशियनला सांगण्यानं फरक पडतो. स्टॅटिनमुळे सोरायसिस चिघळेल अशी भीती मात्र ठेवू नका.

तुमचा सोरायसिस किती पसरलाय, याचा अंदाज घरी करता येतो. बोटांसकट तुमच्या स्वतःच्या हाताचा पंजा म्हणजे अंगाच्या त्वचेचा साधारण एक टक्का. सगळे चट्टे मिळून किती पंजे भरतात ते मोजा. तुमच्या वर्णनावरून मला आठ-दहा पंजे वाटतात. दहाच्या आसपास गेलं, किंवा डोकं, तळहात, तळपाय, जांघ, चेहरा अशा जागा धरल्या असल्या, की नुसत्या मलमावर भागत नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी पोटातलं औषध सुचवलं ते योग्यच वाटतं.

आता त्या इंजेक्शनबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात जास्त काळजी याची वाटली. एका सुईत आठवडाभरात चट्टे विरघळतात आणि महिन्या-दीड महिन्यात दुप्पट होऊन परत येतात, असं असेल तर त्यात बहुतेक डेक्सामेथासोन किंवा ट्रायमसिनोलोनसारखं स्टेरॉइड असतं. बिनलेबलच्या पुड्यांमधून आणि ‘जडीबुटी’च्या चूर्णांतूनही हेच पोटात गेलेले रुग्ण मी पाहिलेत. स्टेरॉइड साखर वाढवतं, बीपी वाढवतं, भूक वाढवतं आणि चरबी नेमकी पोटावर आणून ठेवतं. तुमच्या पाच निकषांत या सुयांचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. दुसरीकडे त्याचा असर उतरला की सोरायसिस उसळतो. काही वेळा चट्ट्यांवर पिवळ्या पुळ्या उठतात किंवा सगळं अंग लाल होऊन सोलतं, थंडी वाजते, ताप येतो. तसं झालं तर घरी थांबू नका, रुग्णालयातच दाखल व्हावं लागतं.

म्हणून इंजेक्शनांच्या तारखा आठवतील तशा लिहून त्वचारोगतज्ज्ञांना द्या. ते रागावतील म्हणून बरेच जण हे लपवतात आणि मग डॉक्टर चुकीच्या चित्रावर उपचार ठरवतात. सुया वारंवार घेतल्या असतील तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असू शकतं. फार थकवा, चक्कर, उलट्या असं काही असेल तर तेही सांगा. आणि शेवटच्या सुईनंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. या चाचणीत साधारण तेवढ्याच काळातली साखर दिसते, त्यामुळे तुमचा खरा आकडा तेव्हा कळेल.

मेथोट्रेक्झेटचा प्रश्न. भीती अगदीच निराधार नाही. हे जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. माझ्या रुग्णांपैकी बरेच जण त्यावर वर्षानुवर्षं व्यवस्थित आहेत. पण त्याचा लिव्हरवर होणारा त्रास ज्यांच्यात जास्त दिसतो ते लठ्ठ, मधुमेही, फॅटी लिव्हर असलेले आणि दारू पिणारे. म्हणजे या बाबतीत तुम्ही जरा धोक्याच्या बाजूला आहात. याचा अर्थ औषध बाद झालं असा नाही. आधी लिव्हर किती कडक झालंय हे बघायला हवं. सोनोग्राफीत ‘फॅटी’ दिसतं, पण त्यात व्रण किती पडलेत ते नीट कळत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी (दोन्ही लिव्हरच्या चाचण्या) आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून फायब-४ नावाचा निर्देशांक निघतो, त्याला वेगळा खर्च नाही. तो १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये फार व्रण असण्याची शक्यता कमी. वर असेल तर लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्यावा. मी स्वतः तुमच्यासारख्या रुग्णात फायब्रोस्कॅन बघितल्याशिवाय दीर्घकाळासाठी मेथोट्रेक्झेट ठरवत नाही. सगळेच तसं करत नाहीत आणि प्रत्येक गावात ते यंत्रही नसतं, तेव्हा हा माझा कल आहे असं समजा.

चालू केलंत तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. सोरायसिससाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्यामुळे तोंड सोलणं, रक्तपेशी घटणं, अगदी जिवावर बेतणं असे प्रकार होतात. शिफ्ट बदलणाऱ्या माणसाचा वार सहज चुकतो, म्हणून एक वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, ‘फक्त रविवार’. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक अॅसिड घ्या. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करा. दुखण्यावरची गोळी किंवा अँटिबायोटिक दुसऱ्या कुणी लिहून दिलं तर मेथोट्रेक्झेट चालू असल्याचं आधी सांगा, काही औषधांबरोबर त्याची विषबाधा वाढते. दारू पूर्ण बंद. ‘शनिवारी थोडीशी’ यालाही माझा होकार नाही, कारण तुमच्या लिव्हरवर आधीच दोन ओझी आहेत.

मेथोट्रेक्झेट जमलंच नाही, तर पर्याय निवडतानाही तुमचे आकडेच वाट दाखवतील. अॅसिट्रेटिन ट्रायग्लिसराइड वाढवतं आणि तुमचं आधीच २४८ आहे, त्यामुळे ते मी मागे ठेवेन. सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं पण बीपी वाढवतं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं, तुमच्या बीपीला ते सोसणार नाही. अॅप्रेमिलास्ट लिव्हर आणि साखरेला जड नाही आणि काहींचं वजनही थोडं उतरतं. पहिल्या काही आठवड्यांत जुलाब-मळमळ होते, क्वचित मन फार उदास होतं, आणि मोठे चट्टे त्यानं पूर्ण साफ होतीलच असं नाही. पण भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून ते परवडू लागलंय आणि तुमच्यासारख्यांत मी त्याचा विचार आधी करतो. नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे प्रकाशोपचार. त्याचा साखर-चरबीशी काही संबंध नाही, हा मोठा फायदा. आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रावर जावं लागतं, ते तुमच्या शिफ्टमध्ये बसेल का ते बघा.

बायोलॉजिक इंजेक्शनांबद्दल, म्हणजे वर सांगितलेल्या संदेश नेणाऱ्या प्रथिनांनाच रोखणाऱ्या औषधांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणी तरी सुचवेल. अॅडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती आपल्याकडे २०१४ पासून मिळते. टीएनएफ रोखणाऱ्या या औषधांवर काहींचं वजन काही किलोंनी वाढतं. इंटरल्युकिन-१७ आणि २३ रोखणाऱ्या औषधांत ते फारसं दिसत नाही, पण वजन जास्त असेल तर अनेक बायोलॉजिकचा परिणाम कमी पडतो. कुठलंही घ्यायच्या आधी टीबीची तपासणी करावीच लागते, आपल्याकडे तर ती टाळून चालणारच नाही. ‘महागडं इंजेक्शन घेतलं म्हणजे हृदयही सुरक्षित’ असंही गृहीत धरू नका. अमेरिकेत अॅडॅलिमुमॅबवर झालेल्या एका चाचणीत त्वचा सुधारली, पण महाधमनीतला दाह कमी झालेला दिसला नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांचे उपचार वेगळे करावेच लागतात.

इथवरचं तीन वाक्यांत: इंजेक्शन बंद करून त्याच्या तारखा डॉक्टरांना सांगा. लिव्हरचा अंदाज घेऊन मग मेथोट्रेक्झेट किंवा दुसरं औषध ठरवा. फिजिशियन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडे एकमेकांचे कागद घेऊन जा.

आता वजनाचं. वजन उतरवलं तर गोळ्यांशिवाय भागेल का? काहींचं भागतं, बहुतेकांचं नाही. पण गोळ्यांचं काम सोपं होतं, हे मात्र मी ठामपणे सांगतो. इटलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन जास्त असलेले ३०३ रुग्ण होते आणि त्यांना आधीच पोटातल्या औषधानं पूर्ण आराम पडलेला नव्हता. वीस आठवडे ठरवून आहार-व्यायाम करणाऱ्या गटात सोरायसिसची तीव्रता ४८ टक्क्यांनी उतरली, नुसता सल्ला मिळालेल्या गटात साडेपंचवीस टक्क्यांनी. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या छोट्या चाचणीत लोकांनी पंधरा किलोंच्या आसपास वजन उतरवलं. त्वचेत सुधारणेचा कल दिसला, पण तो आकडेशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरला नाही. रुग्णांचं रोजचं जगणं मात्र स्पष्टपणे सुधारलं. म्हणून माझ्या रुग्णांना मी ‘वजन उतरव, सोरायसिस जाईल’ असं वचन कधी देत नाही. तसं सांगितलं की पाच किलो उतरवूनही चट्टे राहिलेला माणूस निराश होतो आणि चालणंही सोडतो. आणि तुमचं पोट, साखर, लिव्हर, बीपी या चारही गोष्टींना त्या पाच किलोंचा फायदा होणारच असतो.

पहिलं लक्ष्य पाच ते दहा टक्के ठेवा, म्हणजे तुमच्या ८६ मधले साधारण चार ते साडेआठ किलो. शिफ्टवाल्याला ‘सकाळी सहाला उठून चाला’ सांगणं निरुपयोगी आहे. मी विचारतो, ड्युटीत चहा किती वेळा होतो? दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर आणि बरोबर बिस्किटं किंवा खारी, इथेच बरीच साखर जाते. पहिला बदल तिथे करा. कॅन्टीनमध्ये भात आणि पोळी दोन्ही घेण्याऐवजी एक घ्या, उसळ दुप्पट घ्या आणि काकडी-टोमॅटो, मुळा, कांदा जे मिळेल ते कच्चं खा. रात्रपाळीला जाताना घरून जेवून निघा आणि मध्यरात्री वडापाव-मिसळीऐवजी भाजलेले चणे किंवा उकडलेली अंडी जवळ ठेवा. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीही साखर वाढवते. उपवासाची साबुदाणा खिचडी ही जवळपास निव्वळ स्टार्च आणि तूप असते, एकादशीला ‘हलकं खाल्लं’ असं समजू नका.

आईंचं पथ्य. वांगं, दही, मासे यांमुळे सोरायसिस वाढतो असा पुरावा नाही. मासे बंद करू नका, तळलेल्याऐवजी कालवणातले खा. गहू सोडायची गरज फक्त गव्हातल्या प्रथिनानं आतडं बिघडवणारा सीलिॲक आजार सिद्ध झालेल्यांना. आईंच्या शब्दाला मान देऊन तुम्ही पथ्य पाळायचंच म्हणत असाल, तर त्यांना सांगा की डॉक्टरांनी दारू, गोड चहा आणि फरसाण ही पथ्यं दिलीत. घरात कुणी तरी लक्ष ठेवणारं असलं की ती जास्त चांगली पाळली जातात, हा माझा अनुभव आहे.

व्यायामाबद्दल एक गोष्ट डॉक्टर सहसा विचारत नाहीत. सोरायसिसचे रुग्ण आळसापोटी व्यायाम टाळतात असं सरसकट समजलं जातं. प्रत्यक्षात अर्ध्या बाहीच्या टी-शर्टमध्ये लोक चट्ट्यांकडे बघतात, जिममध्ये कुणी बाक पुसून घेतं, घाम आला की खाज सुटते. हा आजार संसर्गानं पसरत नाही, हे आपल्याकडे अजून केशकर्तनालयापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत समजावून सांगावं लागतं. तुमचंही असं काही होत असेल तर सैल सुती पूर्ण बाहीचा शर्ट घाला, चालायला निघण्याआधी चट्ट्यांवर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा आणि आल्यावर लगेच घाम धुवा. घट्ट पट्टा आणि घासणारे बूट टाळा, कारण त्वचेला जिथे घासतं-खरचटतं तिथे नवे चट्टे उठू शकतात. घरातल्या घरात उठाबशा आणि भिंतीवर हात टेकून जोर काढले तरी स्नायू साखर वापरू लागतात.

वजन कमी करायच्या नव्या सुया, सेमाग्लुटाइड आणि टिरझेपटाइड, यांच्याबद्दलही लोक मला आता विचारतात. लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी त्या उपयोगी आहेत. पण केवळ सोरायसिससाठी मी त्या देत नाही. तुमचा बीएमआय आणि साखर बघून फिजिशियननं सुचवल्या तर माझी हरकत नसेल. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीचंही तसंच, तो साखरेचा निर्णय आहे.

फिजिशियनकडे बीपीची गोळी ठरली तर सोरायसिस असल्याची आठवण करून द्या. प्रोप्रॅनोलॉल आणि त्या वर्गातल्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस चिघळतो आणि बीपीसाठी दुसरे चांगले पर्याय असतात. मात्र आधीपासून चालू असलेली अशी गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडली तर हृदयाला त्रास होतो. घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार याच घोळक्यात सापडतो आणि तो बरा केल्याशिवाय बीपी नीट उतरत नाही.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला विचारायची आहे. सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असते का? टाच दुखते का? एखादं बोट पूर्ण सुजतं का? नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का? उभ्यानं काम करणारे टाचदुखीचा दोष बुटांना देतात आणि सोरायसिसचा संधिवात वर्षभर तसाच राहतो. सांधा एकदा झिजला की परत येत नाही. यातलं काही असेल तर औषधाची निवडही बदलते, म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगा.

मुलाचं विचारलंत. प्रवृत्ती आनुवंशिक असते, आजार जसाच्या तसा वारशानं येत नाही. एका पालकाला सोरायसिस असलेल्या बहुतेक मुलांना तो होत नाही. त्याच्या रक्ताची, जनुकांची कसलीही तपासणी आज करायची गरज नाही. डोक्यात जाड, न जाणारा कोंडा किंवा घसा दुखून गेल्यावर अंगभर थेंबाएवढे लाल ठिपके उठले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचं वजन आटोक्यात राहील एवढं बघा. घरातला गोड चहा आणि फरसाण तुमच्यासाठी बंद होणारच आहे, ते त्याच्याही ताटातून आपोआप कमी होईल.

पुढच्या भेटीला जाताना कंपनीच्या तपासणीचे सगळे कागद, सोनोग्राफी, इंजेक्शनांच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि चट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो एकाच पिशवीत न्या. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट आणि एसजीओटी आहेत का बघा, नसतील तर सांगून करून घ्या. ते दोन आकडे आणि सांध्यांबद्दलची उत्तरं इथे लिहिलीत, तर मेथोट्रेक्झेटबद्दल मी आणखी नेमकं सांगू शकेन.